‘लोखंडी मोर’ची ओरिजिनल लाइनअप: सांगली ते निघोजे

माझ्या लाडक्या परदेशी बँडांची नावं या पोस्टमध्ये लिहिणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. मागे एकदा लिहिली होती, तर खाली कमेंटमध्ये दोन पन्नाशीची माणसं, एक इचलकरंजीचा आणि एक नाशिकचा, कुठल्या गायकाचा आवाज कुठल्या अल्बमनंतर गेला यावरून एकमेकांच्या आईवडिलांपर्यंत पोचली. तेव्हा नावं नाहीत. ज्यांना कळायचं त्यांना कळेलच. ऐंशीच्या दशकातले ते सगळे, केसांना स्प्रे मारणारे, घट्ट विजारी घालणारे, डोळ्यांत काजळ घालून छताला भिडेल असा सूर लावणारे.

मी सांगलीत मोटार विम्याचा सर्व्हेअर आहे. अपघात झालेली गाडी बघायची आणि मालकाने सांगितलेली हकीकत आणि पत्र्यावरचा पोचा यांचा मेळ बसतो का ते ठरवायचं, हे माझं काम. ‘साहेब, गाडी नुसती उभी होती हो’ हे वाक्य मी दिवसातून दोनदा ऐकतो. त्यामुळे विश्वास ठेवणं माझ्या अंगवळणी पडलेलं नाही. बायको मला शंकासुर म्हणते आणि पाहुण्यांसमोरही म्हणते.

तर महिन्याभरापूर्वी आमच्या हार्ड रॉकवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर (सभासद एकेचाळीस, त्यात डोक्यावर केस शिल्लक असलेले जेमतेम नऊ) कोणीतरी एक व्हिडिओ टाकला. चाकणजवळच्या निघोज्यात एका मंगल कार्यालयात चार-पाच जण वाजवताहेत. मागे बॅनर, ‘लोखंडी मोर’. आणि एक मुलगी गातेय,

हाताला ग्रीस अन् डोळ्यांत काजळ,
रातपाळीची पोरं आम्ही, अंगात वादळ.

मी व्हिडिओ तीनदा बघितला. कारण या ओळी माझ्या आहेत. बँडचं नावही अर्धं माझं आहे. ‘मोर’ माझा, ‘लोखंडी’ सुनीलचा.

हे थोडं मागे जाऊन सांगायला हवं. डिप्लोमा झाल्यावर मी आणि सुनील, दोघं अॅप्रेंटिस म्हणून पिंपरीत आलो. सुनील कोरेगावचा. तो मशीन शॉपला, पाळ्यांमध्ये. मी दुसऱ्या कंपनीत तपासणी विभागात, सकाळी जायचं आणि संध्याकाळी यायचं. काळेवाडीत एक खोली आणि रहाटणीत एका शेतकऱ्याची रिकामी पडलेली पोल्ट्रीची शेड, एवढी आमची मालमत्ता. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून शेडच्या भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवले होते; ते मात्र फुकट मिळाले. सुनील गिटारवर, मी गायला, आणि बेस-ड्रमवर सुनीलच्या कंपनीतले दोघं. दर रविवारी अंगावरचं ग्रीस धुवायचं, गालाला चमकी लावायची आणि ओरडायचं.

एका रविवारी माझा घसा बसला होता, म्हणून येत नाही असा निरोप दिला. पण खोलीवर करमेना, म्हणून संध्याकाळी गेलोच. शेडचं दार बंद होतं. आतून माझं गाणं ऐकू येत होतं, दुसऱ्याच कोणाच्या तरी आवाजात. चांगला आवाज होता, हेही तेव्हा कळलं आणि त्यानेच जास्त झोंबलं. पुढच्याच आठवड्यात आमचा पहिला मोठा कार्यक्रम होता. मी दार न ठोठावता मागे फिरलो, सामान भरलं, मिळेल त्या एसटीने सांगलीला आलो. सुनीलची दोन आंतरदेशीय पत्रं आली. ती मी उघडलीच नाहीत. याला आता पंचवीस-सव्वीस वर्षं झाली.

एवढी वर्षं मला सुनीलला एकच गोष्ट विचारायची होती. माझ्या जागी दुसरा गायक तू कधी ठरवलास, आणि मला न सांगता का?

व्हिडिओ टाकणाऱ्याला पुढच्या कार्यक्रमाचं विचारलं. त्याने कळवलं, गुरुवारी दुपारी एक वाजता, प्रवेश मोफत. गुरुवारी दुपारी एक वाजता रॉकचा कार्यक्रम कोण ठेवतं? आणि मोफत का? मला इथेच वास यायला लागला. पण रजा टाकली.

बुधवार

सांगलीहून स्वारगेटला सकाळची एसटी धरा. पाच-साडेपाच तास लागतात, तिकीट पाचशेच्या आत बसतं. वाटेत गाडी जिथे थांबते तिथला चहा घ्या, वडा घेऊ नका. तो कालचा असतो आणि आज पुन्हा तळलेला असतो; मी फोडून बघितला.

गाडीत कानात वायरी घालून सगळे जुने अल्बम पुन्हा ऐकले, मन घट्ट करायला. आणि इथे मला माझ्या लाडक्या बँडांबद्दल थोडं मनातलं बोलू द्या, कारण प्रेम असलं तरी माझे डोळे उघडे आहेत.

पहिली शंका त्या हळुवार गाण्याची. प्रत्येक अल्बममध्ये दहा गाणी रस्त्यावर मोटरसायकल जाळल्यासारखी आणि एकच गाणं मेणबत्ती लावल्यासारखं. हे एकच का? आणि नेमकं तेच रेडिओवर का? मला वाटतं ते गाणं मनातून येत नसे, ते कंपनीच्या ऑफिसातून येत असे. तरीही कऱ्हाडच्या पुलावर ते लागलं आणि मी ते लगेच दुसऱ्यांदा लावलं, हे मान्य करतो.

दुसरी शंका निरोपाच्या दौऱ्याची. शेवटचा दौरा, मग खरोखर शेवटचा, मग ‘चाहत्यांच्या आग्रहास्तव’ शेवटचा. माझे एक काका असेच दारातून तीनदा निघायचे आणि मग जेवूनच जायचे.

तिसरी शंका आवाजाची, आणि ही शंका नाही, पुरावा आहे. काही वर्षांपूर्वी एका परदेशी बँडला बघायला मी मुंबईला गेलो होतो. धृपदाच्या ऐन उंचीवर गायकाने माइक बाजूला करून पाणी प्यायलं आणि सूर चालूच राहिला. बाजूचा पोरगा नाचत होता. मी हात बांधून उभा राहिलो आणि पार्किंगला जाऊन बसलो.

पण माझा सगळ्यात मोठा राग ओरिजिनल लाइनअपबद्दल आहे. पाच जणांनी बँड काढायचा, त्यातले चार निघून जायचे, आणि उरलेल्या ड्रमरने चार भाडोत्री घेऊन जुनंच नाव लावून गल्ला जमवायचा. माझ्या मते नाव हे माणसांचं असतं. माणसं बदलली की नाव खाली ठेवावं. या एका तत्त्वासाठी मी ग्रुपवर तिघांशी बोलणं सोडलंय.

आणि तरीही हेच बँड का, असं बायको विचारते. तिला कधी नीट सांगता आलं नाही, इथे सांगतो. वीस वर्षांचा होतो, दिवसभर मायक्रोमीटर घेऊन दुसऱ्याच्या चुका शोधायचो, साहेबासमोर मान खाली. आणि इकडे कॅसेटच्या वेष्टनावर हे बाप्ये, ओठ रंगवून, बायकांसारखे केस सोडून, गळा काढून रडत होते आणि तरीही कोणी त्यांना बायल्या म्हणत नव्हतं. मला तसं व्हायचं होतं. आठवड्यातून एक दिवस का होईना, कोणाचाही विचार न करता.

स्वारगेटला मेट्रो धरली. तिथे जमिनीच्या पोटात उतरायचं आणि पिंपरीला पुलाच्या उंचीवरून खाली यायचं. चाळीस रुपयांच्या आत काम होतं आणि एसी असतो. तिथून रहाटणीला रिक्षा केली. मीटर टाका म्हणालो, तर रिक्षावाला म्हणाला, “मीटर हाय की भाऊ, पण त्याची तब्येत बरी न्हाई.” शंभर म्हणाला, सत्तरवर आलो. तुम्ही साठ सांगा.

शेडच्या जागी आता बारा मजली सोसायटी आहे. काळेवाडीच्या बाजूची विहीर बुजलेली, पण चिंचेचं झाड तसंच ठेवलंय, त्याला लाइटच्या माळा घातल्यात. गेटवरच्या वॉचमनने वही पुढे केली.

“कुणाकडं जायचंय?”

“कोणाकडे नाही. इथे पूर्वी पोल्ट्री होती, ती जागा बघायचीय.”

“फ्लॅट नंबर?”

“अहो, फ्लॅट नव्हता. कोंबड्या होत्या.”

त्याने मला वरून खालपर्यंत न्याहाळलं. मी रोज क्लेमवाल्यांना बघतो, अगदी तसंच. “साहेब, असं कुणालाबी सोडता येत न्हाई,” म्हणाला. बरोबरच होतं. मी असतो तर मीही सोडलं नसतं.

मुक्कामाला आळंदीला गेलो. लॉजपेक्षा तिथल्या भक्तनिवासातल्या खोल्या स्वस्त आणि स्वच्छ असतात. चादर मात्र उजेडाकडे धरून बघा. मी बघितली, ठीक होती. रूमवर आल्यावर उद्या काय बोलायचं याची वाक्यं वहीत लिहून काढली. ती मला अहवालासारखी वाटली, म्हणून दुसऱ्यांदा लिहिली. ती जास्तच अहवालासारखी झाली.

गुरुवार

सकाळी इंद्रायणीच्या घाटाकडे जाताना एका संस्थेच्या पडवीत विद्यार्थी पखवाज शिकत होते. वीस जण, एकच बोल, अर्धा तास. गुरुजी मध्येच एकाकडे बोट करून म्हणत, “तू घाईत आहेस का?” आणि पुन्हा पहिल्यापासून. जगातल्या प्रत्येक हार्ड रॉक ड्रमरला इथे महिनाभर आणून ठेवावं, असं माझं मत झालं. त्या दिवसातलं हे एकमेव मत ज्याबद्दल मला अजूनही खात्री आहे.

आळंदीहून मोशी, मोशीहून शेअर रिक्षाने कुरुळी फाटा, तिथून आत निघोजे. नाशिक रस्त्याच्या ट्रॅफिकबद्दल तुम्ही ऐकलं असेल, आणि ते सगळं खरं आहे. पण त्या दिवशी रस्ता मोकळा. मी शेजारच्या प्रवाशाला विचारलं, संप वगैरे आहे का. तो हसला.

“गुरुवार आहे ना राव. आमचा रविवार गुरुवारी असतो. कंपन्यांना सुट्टी.”

आमच्या वेळी आम्हा दोघांच्या कंपन्यांना रविवारचीच सुट्टी असायची, त्यामुळे हे मला ठाऊकच नव्हतं. म्हणजे त्या वाराची शंका फुकट गेली. चाकण-भोसरीकडे फिरायला जायचं असेल तर गुरुवारीच जा, हा या पोस्टमधला सगळ्यात उपयोगाचा सल्ला.

मंगल कार्यालयाच्या दारात मालक खुर्ची टाकून बसले होते. गावातले जुने शेतकरी, पांढरी टोपी, हातात दोन मोबाइल. सगळे त्यांना आप्पा म्हणत होते. मी लांबून चौकशी सुरू केली.

“आप्पा, हे बँडवाले कसे आहेत? व्यवहाराला?”

“व्यवहार कसला? हाल रिकामाच असतोय गुरवारी. लगीन न्हाई, मुंज न्हाई. म्हनलं वाजवा.”

“फुकट?”

“फुकट कसं? झाडलोट त्येंचीच. आन् कवाच्या काळापासून बंद पडल्याला जनरेटर त्यांनी दुरुस्त करून दिला. गाणं आमाला कळत न्हाई, पर मानसं शिस्तीची हायेत. टायमाला येत्यात, टायमाला जात्यात.”

“तो गिटारवाला, सुनील, तो कसा आहे?”

आप्पांनी मान वळवून माझ्याकडे नीट पाहिलं. “तुमी पोरगी देणार हाय का त्याला?” म्हणाले. “दोन पोरींचं लगीन झालंय त्याच्या.”

आत दीडशेक माणसं असतील. खुर्च्यांना लग्नातली लाल साटीनची कापडं, मागे मोठे बो. म्हणजे चकाकीची सोय हॉलनेच करून ठेवलेली. कामगार, त्यांच्या बायका, पोरं, डब्यातून आणलेले कांदेपोहे. मी शेवटच्या रांगेत बसलो, जिथून स्पीकरच्या वायरी कुठे जातात ते दिसतं. लॅपटॉप होता. माझं लक्ष त्यावरच.

मग ते आले. सुनील सगळ्यात मागून आला. खांद्यापर्यंत काळेभोर केस, डोळ्यांत काजळ, गालावर चमकी, पोट मात्र पन्नाशीचं. केस बघून मी मनात म्हणालो, विग. पहिल्या गाण्यात मान हलवली तेव्हा केस एकीकडे आणि मान एकीकडे गेली. विगच होता. मला उगाच बरं वाटलं.

गाणारी मुलगी पूजा नावाची, असं माइकवर सांगितलं. वायरिंगच्या लाइनवर काम करते. ती लांब सूर लावायला लागली तसा मी लॅपटॉपकडे पाहायला लागलो. सूर जास्तच चांगला होता. मुंबईचा अनुभव आठवला. आणि तेवढ्यात दुसऱ्या गाण्यात ती एक ओळ आधीच आत शिरली, सगळे चुकले, आणि ती खळखळून हसली. “थांबा थांबा, मी लई घाई करालेय,” म्हणाली, खास नांदेडी. सगळा हॉल हसला. पुन्हा पहिल्यापासून सुरू. लॅपटॉपवर नुसता मागच्या लग्नाचा फोटो अल्बम चालू होता, तो हॉलचा होता.

त्यानंतर जे झालं ते मी आजवर कुठल्याच बँडमध्ये पाहिलेलं नाही. चौथं गाणं ऐन भरात होतं. बाजूच्या दारातून कंपनीचा गणवेश घातलेला एक माणूस बेस गिटार गळ्यात अडकवून आला आणि चालू बेसवाल्याच्या मागे उभा राहिला. थोडा वेळ नुसता मान डोलावत ऐकलं. मग त्याने वाजवायला सुरुवात केली. चार आवर्तनं दोघं एकत्र वाजवत होते. मग पहिल्याने दुसऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला, दुसऱ्याने मान हलवली, आणि तेव्हाच पहिला थांबला, बॅग उचलून मागच्या दाराने धावत गेला. बाहेर बसचा हॉर्न वाजत होता. गाणं एका ठोक्यानेही अडखळलं नाही. लोकांनी याच गोष्टीला सगळ्यात जोरात टाळ्या वाजवल्या.

माझ्या शेजारी एक बाई बसल्या होत्या, मांडीवर हेअरस्प्रेचा डबा. मी विचारलं, हे काय चाललंय?

“दुसरी पाळी आहे त्याची. त्यांच्या कंपनीला गुरुवारची सुट्टी नसते,” त्या म्हणाल्या. “रिलीव्हर आला, बदलीचा माणूस, म्हणून गेला. रिलीव्हर आल्याशिवाय मशीन सोडायचं नाही, हा नियमच आहे ना. आमच्या ह्यांनी तोच बँडला लावलाय. प्रत्येकाचा एकेक रिलीव्हर तयार असतो.”

“तुमचे हे कोण?”

“तो विगवाला,” त्या म्हणाल्या. आणि मग माझ्याकडे वळून, अगदी सहज, “तुम्ही जयंत ना?”

म्हटलं, कशावरून?

“हात बांधून बसलात. हे सांगायचे, जया गाणं ऐकायला असा बसतो, जणू पंचनामा करतोय. आल्या आल्या स्टेजवरून बघितलं ह्यांनी तुम्हाला. मला इथं बसायला पाठवलं, म्हणाले उठून जाईल, लक्ष ठेव.”

म्हणजे मी पाळत ठेवायला आलो होतो आणि माझ्यावरच पाळत होती. या वंदनावहिनी. पुढचा तासभर त्यांनी माझ्या बाजूची खुर्ची सोडली नाही. शेवटी माझं गाणं झालं. पूजाने ते माझ्यापेक्षा उंच पट्टीत गायलं. मी कुठेही हात सोडले नाहीत, पण पायाने ठेका धरला होता, हे वहिनींनी नंतर सगळ्यांना सांगितलं.

हॉलच्या भटारखान्यामागे सुनील विग काढून पंख्यासमोर बसला होता. टक्कल घामाने चमकत होतं. मी आलो तसा त्याने समोर वडापाव सरकवला. पंचवीस वर्षांनी भेटलेली माणसं काय करतात ते मला माहीत नव्हतं, आणि त्यालाही नसावं. मी वहीतली वाक्यं विसरलो. सरळ विचारलं.

“माझ्या जागी दुसरा कधी ठरवलास?”

“कधी म्हणजे? पहिल्यापासून,” सुनील म्हणाला. “तू आलास त्याच्या दुसऱ्या महिन्यापासून. संतोष. टूलरूमचा.”

बघा, म्हणजे मी बरोबर होतो. इतकी वर्षं जे म्हणत आलो ते खरं निघालं, आणि मला वाटलं होतं तसं काहीच बरं वाटलं नाही.

“मला सांगायचं नाही?”

“रिलीव्हर होता रे तो. रिलीव्हर सांगायची गोष्ट असते का? प्रत्येक मशीनला असतोच. तू जनरल शिफ्टचा माणूस, सकाळी जाणार संध्याकाळी येणार, तुला कधी हे ठाऊकच नसणार, हे माझ्या डोक्यात आलं नाही. ती माझी चूक.” मग थांबून म्हणाला, “माझ्यासाठीपण एक ठेवला होता की. दिनेश.”

“कधी बघितला नाही त्याला.”

“त्या रविवारी तू शेडवर आला होतास ना? शेडच्या मालकाने पाहिलं होतं तुला, त्यानेच सांगितलं. दारातून परत गेलास. त्या दिवशी गिटार कोण वाजवत होतं?”

मला ती गिटार आठवत होती. ठेका सुटत होता, दोन ठिकाणी सूर चुकला होता. सांगलीत मित्रांना मी कित्येकदा सांगितलंय की मी नसलो की सुन्याला गिटारसुद्धा धड वाजवता येत नव्हती.

“मी ओव्हरटाइमला होतो त्या दिवशी,” सुनील म्हणाला. “आत आपल्यातला कोणीच नव्हता जया. चारीच्या चारी रिलीव्हर होते. पुढच्या आठवड्यात कार्यक्रम, म्हणून मीच सांगितलं होतं त्यांना, सराव चुकवू नका, आमच्यातला एखादा नाही आला तर तुम्ही उभे राहा. आणि तू साप साप म्हणून भुई धोपटत सांगलीपर्यंत गेलास.”

पत्र्यावरचा पोचा आणि हकीकत यांचा मेळ बसवायचा हे माझं काम आहे. तो चुकलेला सूर माझ्या कानात सव्वीस वर्षं पडून होता आणि मी एकदाही त्याला विचारलं नाही की तू कोणाचा. मला स्वतःची लाज वाटली. तसं मी सुनीलला म्हणालोही. तो म्हणाला, वडा खा, गार होतोय.

“कार्यक्रम झाला का मग?”

“झाला. संतोष गायला. तिथून पुढे तीन महिने गायला. मग बँड बंद पडला. त्याआधी त्याला म्हटलं होतं, तू कायमचा गा. ऐकेना. म्हणाला, मी रिलीव्हर आहे, मूळ माणूस आला नाही तरी जागा त्याची आहे. मशीन सोडलंही नाही आणि स्वतःचंही केलं नाही. आमची माणसं अशीच, नियम म्हणजे नियम.” आता दीड-दोन वर्षांपूर्वी दोन्ही मुलींची लग्नं झाल्यावर सुनीलने पुन्हा सुरू केलं. संतोष बार्शीला परत गेलाय, ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान आहे. सुनीलने त्याचा नंबर माझ्या वहीच्या मागे लिहून दिला. वहिनींनी राहण्याचा आग्रह केला. मी नाही म्हणालो. खरं सांगायचं तर मला चेहरा लपवून बसमध्ये बसायचं होतं. संध्याकाळी स्वारगेटला गाडी मिळाली. निघताना सुनीलने स्वतःच्या गालावर हात फिरवला आणि माझ्या शर्टाला चमकी लावली. ती दोन धुण्यांत गेली नाही, बायको कुरकुरतेय.

सांगली

इथे नेहमीप्रमाणे जमाखर्च, पण पैशांचा नाही. जावं का निघोज्याला? जरूर जा. वडापाव बरा, ट्रॅफिक वाईट, गुरुवार चांगला. बँड मध्यम आहे. दुसऱ्या गाण्यात चुकतो आणि हसतो. ओरिजिनल लाइनअपमधला एकच माणूस शिल्लक आहे आणि त्याचा विग आहे. माझ्या जुन्या नियमाप्रमाणे त्यांनी नाव खाली ठेवायला हवं होतं. तो नियम मी मागे घेतोय. ग्रुपवरच्या त्या तिघांना आजच मेसेज केलाय. दोघांनी अंगठा पाठवला, तिसरा अजून चिडलेला आहे, त्याचंही बरोबर आहे.

माझ्या लाडक्या परदेशी बँडांवरच्या बाकी शंका तशाच आहेत. पाणी पिणारा गायक मी विसरणार नाही. पण जागा रिकामी झाल्यावर जो माणूस तिथे उभा राहतो, त्याला मी कायम चोर समजत आलो. मला कधी वाटलंच नाही की तो बिचारा दुसऱ्याची वाट बघत उभा असेल.

रविवारी सकाळी बार्शीला फोन लावला. दोनदा त्याने फोन कापला. तिसऱ्यांदा उचलला. दुकानात गर्दी होती, कोणीतरी मागून बेअरिंगचा भाव विचारत होतं. मी नाव सांगितलं.

“जयंत? काळेवाडीचा?” संतोष म्हणाला. “घसा बरा झाला का रं?”

मी हो म्हणालो. म्हटलं, त्या दिवशी शेडचं दार बंद होतं, म्हणून मला वाटलं की…

“व्हय. सुन्यानं सांगितलं आमाला, तू दारातनं परत गेलास म्हणून. तिथनं पुढं दर रविवारी दार उघडं टाकूनच गायचो आमी. शेजारी शिव्या घालायचे, मच्छर यायचे. म्हनलं, आला तर आत तर येईल.”

मागचं गिऱ्हाईक पुन्हा बेअरिंग मागत होतं. संतोष त्याला थांब म्हणाला. मी फोन ठेवला नाही, आणि त्यानेही ठेवला नाही.